उपस्थात्याचे वेतन : चिकित्सेच्या तिसऱ्या पादाविषयी काही व्यावहारिक विचार

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच मुखोद्गत केले आहेत. यांपैकी भिषकाच्या ज्ञानवृद्धीसाठी परिसंवाद भरतात, द्रव्याच्या गुणवत्तेसाठी प्रयोगशाळा आहेत आणि रोग्याच्या अपेक्षांची चर्चा तर नित्यच चालते. उपस्थात्याचा विषय मात्र निघतो तो बहुधा तक्रारीच्या रूपाने. ‘माणसे टिकत नाहीत’, ‘शिकवून तयार केले की जातात’, ‘पूर्वीसारखी निष्ठा राहिली नाही’ ही वाक्ये सदाशिव पेठेपासून चिंचवडपर्यंत कोणत्याही चिकित्सालयात ऐकावयास मिळतात. या तक्रारीचा निदानपंचकाच्या शिस्तीने विचार केल्यास हेतू कोठे सापडतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चरकाचार्यांनी उपस्थात्याचे चार गुण सांगितले : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. यांतील उपचारज्ञता शिकविता येते. दाक्ष्य सरावाने येते. शौचासाठी नियम करता येतात आणि साधने पुरविता येतात. अनुरागाचे तसे नाही. तो आज्ञेने उत्पन्न होत नाही आणि केवळ पैशाने विकतही मिळत नाही. मात्र अपुऱ्या, अनियमित किंवा अपमानास्पद वेतनाने तो निश्चित क्षीण होतो, आणि अनुराग क्षीण झाला की उरलेले तीन गुण असूनही कामास येत नाहीत. वेतन आणि सुविधा यांचा कर्मचाऱ्याच्या कार्यक्षमतेशी असलेला संबंध माझ्या मते एवढाच आहे. पण आपल्या व्यवसायात त्याचे परिणाम इतर धंद्यांपेक्षा अधिक गंभीर आहेत.

ते कसे, हे पुडी बांधण्याच्या साध्या कामावरून लक्षात येईल. एका पुडीत तीन-चार चूर्णे आणि एक रसकल्प, त्यात रसकल्पाची मात्रा गुंजभर, म्हणजे सुमारे 125 मिलिग्रॅम. सायंकाळी रुग्णांची रांग असताना औषध विभागातील भगिनी शेकडो पुड्या बांधते. रसकल्प चूर्णात समप्रमाणात मिसळले गेले की वरच्यावर पसरले, हे रुग्णाला कळणार नाही, आणि खरे सांगावयाचे तर वैद्यालाही कळणार नाही. पंधरा दिवसांनी रुग्ण येऊन ‘गुण आला नाही’ म्हणेल, तेव्हा आपण निदानाचा फेरविचार करू, अनुपान बदलू, पथ्याची चौकशी करू. पुडीपर्यंत आपला विचार पोहोचणार नाही.

स्नेहपाकाचेही असेच. तैलपाकात फेन उत्पन्न होणे आणि घृतपाकात तो शांत होणे ही सिद्धीची लक्षणे पाठ्यपुस्तकात आहेत. कल्काची वर्ती वळते का, अग्नीवर टाकल्यास ती तडतडते का, हे पाहून मृदु, मध्यम की खर पाक हे ठरते. तो क्षण साधणारा मनुष्य मात्र कढईपाशी उभा असावा लागतो. त्याला घरी जाण्याची घाई असेल, दुसरीकडे संध्याकाळची नोकरी धरावी लागत असेल, तर मध्यम पाकाचा खरपाक होण्यास फार वेळ लागत नाही. सात भावनांऐवजी पाच झाल्या, तर नोंदवहीत सातच दिसतात. ज्या कामाची तपासणी मागाहून करता येत नाही, ते काम अखेर कर्मचाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. कारखान्यातील नट-बोल्ट मापकात घालून पाहता येतो. खलातील मर्दनाचे तास मागाहून मोजता येत नाहीत.

म्हणूनच नगावर मजुरी देण्याची पद्धत आपल्या कामास अयोग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. लेबले चिकटविणे, खोकी भरणे यांस ती ठीक. पुड्यांच्या संख्येवर किंवा चाळलेल्या चूर्णाच्या वजनावर पैसे दिले, तर संख्या वाढेल आणि वजनही वाढेल. चाळणीचे छिद्रही मोठे होईल.

वेतनाचा हा विचार पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राकडून उसना घेण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील पाचव्या अधिकरणात भृत्यांच्या भरणपोषणावर स्वतंत्र अध्याय आहे. ऋत्विज, मंत्री, सेनापती आदींना 48,000 पण, आणि सर्वांत खालच्या परिचारक-कर्मकरांना 60 पण, अशी ती वेतनश्रेणी उतरत जाते. चिकित्सकाचे स्थान त्यात 2,000 पणांवर आहे. ही तफावत आज कोणी आदर्श मानणार नाही. लक्ष वेधून घेतात ती दोन प्रयोजने, जी वरिष्ठांचे वेतन ठरविताना कौटिल्य सांगतो : मनुष्य लोभाला बळी पडू नये आणि त्याच्या मनात कोप उत्पन्न होऊ नये. वेतनाने उत्साह वाढेल, निष्ठा जन्मेल असे तो म्हणत नाही. त्याच अध्यायात कामावर मृत्यू पावलेल्यांच्या पत्नी-मुलांना अन्न व वेतन द्यावे, त्यांच्यातील बालक, वृद्ध व व्याधितांवर अनुग्रह करावा, आणि मृत्यू, आजार व प्रसूती या प्रसंगी धन व सन्मान द्यावा, असेही सांगितले आहे. आज ज्यांना आपण कुटुंबनिवृत्तिवेतन, वैद्यकीय साहाय्य आणि प्रसूती लाभ म्हणतो, त्यांचे हे बीजच होय.

विसाव्या शतकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जवळपास हेच वेगळ्या भाषेत मांडले. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे 200 अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, वेतन, कामाच्या जागेची स्थिती, नोकरीची शाश्वती या गोष्टी अपुऱ्या असतील तर असंतोष निर्माण होतो. पण त्या पुरेशा झाल्याने आपोआप कामाची गोडी लागत नाही. गोडी लागते ती यशाने, कौतुकाने, जबाबदारीने. पहिल्या गटाला त्यांनी जे नाव दिले ते आरोग्यरक्षणाच्या, म्हणजे आपल्या स्वस्थवृत्ताच्या, परिभाषेतून घेतलेले आहे. वैद्याला हा भेद सहज समजावा. नियमित आहाराशिवाय बल टिकत नाही, आणि केवळ आहार दुप्पट केल्याने रसायनाचा लाभ होत नाही. उलट, मूळ शरीर शुद्ध व पुष्ट नसताना दिलेले रसायन व्यर्थ जाते. पगार थकलेला असताना ‘उत्कृष्ट सेवक’ म्हणून शाल-श्रीफळ देण्याचे समारंभ याच प्रकारात मोडतात.

वेतन वाढविल्याने मालकाचे नुकसानच होते, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. हेन्री फोर्ड यांच्या मोटार कारखान्यात 1913 साली माणसे सोडून जाण्याचे प्रमाण वर्षाला 370 टक्के होते. म्हणजे एका जागेसाठी वर्षभरात तीन-चार माणसे भरावी लागत. जानेवारी 1914 मध्ये त्यांनी दिवसाचे वेतन सुमारे 2.34 डॉलरवरून 5 डॉलरवर नेले आणि कामाचे तास नवावरून आठ केले. माणसे टिकू लागली, गैरहजेरी घटली. यात औदार्य किती आणि हिशोब किती, हा वादाचा विषय आहे. त्या वाढीव रकमेसाठी कामगाराच्या घरी जाऊन त्याच्या राहणीची चौकशी करणारे खातेही फोर्ड यांनी उघडले होते, हे सहसा सांगितले जात नाही. पण माणूस बदलण्याचा खर्च वेतनवाढीपेक्षा अधिक असतो, हा हिशोब त्यांनी मांडला. आपल्याकडे तो कोणी मांडतो काय?

मांडून पाहू. समजा, एखाद्या पंचकर्म केंद्रातील 15,000 रुपये वेतनाची परिचारिका दरमहा 1,500 रुपये अधिक मिळतात म्हणून एखाद्या हॉटेलातील मसाज केंद्रात गेली. तिला थांबविण्याचा खर्च वर्षाला 18,000 रुपये होता. तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीला अभ्यंगाची गती, स्वेदनाचे सम्यक् लक्षण, बस्तियंत्राची हाताळणी, वमनाच्या वेळी वेग मोजण्याची सावधता शिकण्यास तीन महिने लागले, तर केवळ शिकाऊ काळाच्या वेतनातच 45,000 रुपये गेले. त्या काळात ज्येष्ठ सहकाऱ्याचा शिकविण्यात गेलेला वेळ, वाया गेलेले तैल आणि ‘पूर्वीच्या ताई नाहीत का?’ असे विचारून परत न आलेले रुग्ण वेगळेच. औषध विभागातील जुन्या सेवकाचे मोल तर याहून अधिक. बारा वर्षांच्या सहवासाने त्याला वैद्यांचे हस्ताक्षर वाचता येते! हा विनोद नव्हे. चुकीचे वाचलेले एक अक्षर काय करू शकते, हे प्रत्येक फार्मसीचालक जाणतो.

एकदा दिलेला लाभ काढून घेणे हे मुळात न देण्यापेक्षा अधिक घातक ठरते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 मध्ये, मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना वेतनाच्या 10 टक्के युद्धबोनस दिला. पुढील वर्षी तो 15 टक्के झाला. नफा चांगला होता तोवर तो चालू राहिला. 1923 साली तो नाकारण्यात आला तेव्हा मालकांच्या दृष्टीने ती बक्षिसी होती, कामगारांच्या दृष्टीने वेतनाचा भाग. जानेवारी 1924 मध्ये गिरण्या बंद पडल्या आणि सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने कामगारांना बोनसचा कायदेशीर हक्क नाही, असा निर्वाळा दिला. कायदा मालकांच्या बाजूने होता. पण बोनसचा प्रश्न त्याने मिटला नाही. अखेर 1965 साली बोनस अधिनियम झाला आणि किमान बोनस कायद्याने निश्चित झाला, जो आज 8.33 टक्के आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच तो बंधनकारक असला, तरी दिवाळीस एक महिन्याचा पगार ही आपल्या शहरात लहान दुकानांतूनही रूढ झालेली अपेक्षा आहे, आणि 8.33 टक्के म्हणजे बाराव्या हिश्शाने एक महिन्याचेच वेतन होते. एखाद्या वर्षी तो देणे शक्य नसेल तर दिवाळीच्या आदल्या दिवशी सांगण्याऐवजी श्रावणात सांगावे.

रकमेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, नियमितता महत्त्वाची. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखाना 1954 मध्ये स्थापन झाला. पेनिसिलिनचे उत्पादन, हॅमायसिनसारख्या बुरशीनाशक औषधाचा शोध, कामगारांसाठी वसाहत आणि शाळा, असे त्याचे वैभवाचे दिवस पिंपरीकरांनी पाहिले. वेतन आणि सुविधा या दोन्हींचा तो परिसरातील मानदंड होता. पुढे कारखाना तोट्यात गेला आणि गेल्या दशकात कामगारांचे वेतन महिनोन्महिने थकले. डिसेंबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कारखान्याची अतिरिक्त जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्या देण्यांत कामगारांच्या थकीत वेतनाचाही समावेश होता. वसाहतीतील घर आणि शाळा असूनही ज्याच्या घरात महिन्याचा पगार येत नाही, त्या मनुष्याकडून निर्जंतुक विभागातील काटेकोरपणाची अपेक्षा किती काळ करता येईल? तेथील कामगारांनी ती अपेक्षा दीर्घकाळ पुरी केली, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. पण कोणत्याही मालकाने या सहनशीलतेवर आपला हिशोब बेतू नये.

पुण्यातील चिकित्सालयांच्या बाबतीत एक प्रश्न असा आहे, जो वेतनपत्रकात कोठेच दिसत नाही. आपली बहुतेक चिकित्सालये सकाळी 9 ते 1 आणि सायंकाळी 5 ते 9 अशी चालतात. वैद्यांचे घर बहुधा वरच्या मजल्यावर किंवा दोन गल्ल्या पलीकडे असते, वामकुक्षी होते. कर्मचारी मात्र आता पेठांत राहत नाहीत. भाडे परवडत नसल्याने ते धायरी, कात्रज, मांजरी, दिघी अशा ठिकाणी गेले आहेत. दुपारी घरी जाऊन परत येणे म्हणजे बसचे चार प्रवास. न जावे तर मधले चार तास बसावयाचे कोठे? पुष्कळ ठिकाणी त्या काळात चिकित्सालयास कुलूप असते, आणि सेवकवर्ग मंदिराच्या ओट्यावर नाहीतर बागेत बसलेला आढळतो. नोंदीत हे काम आठ तासांचे. प्रत्यक्षात तो मनुष्य सकाळी आठला घर सोडतो आणि रात्री दहाला पोहोचतो. पुणेकरांच्या दुपारच्या 1 ते 4 विश्रांतीवर बाहेरगावचे लोक विनोद करतात. पण ती विश्रांती मालकाची होती की नोकराचीही, हे कोणी विचारलेले नाही.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. एका खोलीत दोन सतरंज्या, पंखा, पिण्याचे पाणी, स्वतंत्र प्रसाधनगृह आणि एक किल्ली. शक्य तेथे सकाळची आणि सायंकाळची माणसे वेगळी नेमून प्रत्येकास सलग काम द्यावे. पीएमपीच्या मासिक पासाची किंमत 1 जून 2025 पासून 900 रुपयांवरून 1,500 रुपयांवर गेली. एवढा एक पास काढून दिल्यास तो पगारातील तेवढ्याच वाढीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो, कारण तो घरखर्चात विरघळून जात नाही. औषधनिर्मात्यांच्या बाबतीत तर ही केवळ सौजन्याची बाब नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील 2000 साली अधिसूचित झालेल्या अनुसूची ‘टी’मध्ये कामगारांना गणवेश, कपडे बदलण्यास व सामान ठेवण्यास जागा, टॉवेल व साबण, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि संसर्गजन्य रोग नसल्याची खात्री या गोष्टी अपेक्षित आहेत. शौच हा उपस्थात्याचा गुण खरा, पण त्यासाठी लागणारे पाणी आणि साबण मालकाने द्यावयाचे असतात.

कायद्याची बाजू थोडक्यात. चारही श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत. वेतन संहितेनुसार किमान वेतन सर्व आस्थापनांना बंधनकारक असून मासिक वेतन पुढील महिन्याच्या 7 तारखेपर्यंत द्यावयाचे आहे. नोकरी सोडणाऱ्याचा हिशोब दोन कामकाजाच्या दिवसांत पुरा करावयाचा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. 2017 पासून तिची वेतनमर्यादा 21,000 रुपये करण्यात आली आणि जुलै 2019 पासून अंशदान मालकाचे 3.25 टक्के व कर्मचाऱ्याचे 0.75 टक्के असे कमी करण्यात आले. 15,000 रुपये वेतनावर मालकाचा हिस्सा 487.50 रुपये होतो. त्या बदल्यात कर्मचाऱ्यास कुटुंबासह उपचार आणि आजारपणात वर्षातून 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळते. बिबवेवाडी येथे या योजनेचे रुग्णालय आहे. उपदानाचा हिशोब शेवटच्या वेतनाच्या 15 दिवसांचा, 26 दिवसांचा महिना धरून. 15,000 रुपयांवर प्रत्येक सेवावर्षास सुमारे 8,654 रुपये. दरमहा 721 रुपये बाजूस टाकले तर निवृत्तीच्या वेळी मालकाची धावपळ होणार नाही. पाच-सात माणसांच्या चिकित्सालयास यांतील बरेच काही बंधनकारक नाही. पण त्या पाच-सात माणसांच्या आजाराला आणि वार्धक्याला ही संख्या ठाऊक नसते.

आता काही व्यवसायबंधूंना न रुचणारा मुद्दा. 26 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात शासन विरुद्ध डॉ. पी. ए. भट्ट या प्रकरणात, आयुर्वेदीय वैद्यकीय अधिकारी आणि एम.बी.बी.एस. पदवीधारक डॉक्टर समान काम करीत नाहीत, म्हणून समान वेतनास पात्र नाहीत, असा निर्णय दिला. आपल्यापैकी अनेकांना तो जिव्हारी लागला आणि त्यावर सभा झाल्या. ऑक्टोबर 2025 मध्ये निवृत्तीचे वय व सेवाशर्तींतील समानतेचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपविण्यात आला. पुण्यातील खासगी रुग्णालयांत रात्रपाळीचे निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून आपले किती तरी तरुण पदवीधर काम करतात, आणि त्यांच्या मानधनाबद्दलचा आपला रोष न्याय्य आहे. तोच पदवीधर जेव्हा ज्येष्ठ वैद्यांच्या चिकित्सालयात रुग्णांचा इतिहास लिहून घेतो, पंचकर्मावर देखरेख ठेवतो, औषधांची मागणी पाहतो, तेव्हा त्याला काय मिळते? ‘शिकावयास मिळते’ हे उत्तर पहिल्या सहा महिन्यांस शोभते. तिसऱ्या वर्षी तो शिकत असतो त्याहून अधिक चिकित्सालय चालवीत असतो. गुरुकुलात शिष्य विनावेतन राबे हे खरे. पण तेथे त्याचे अन्न, वस्त्र आणि निवास गुरूकडे असे. ती जबाबदारी सोडून केवळ विनावेतन श्रमांची परंपरा चालविणे शास्त्रसंमत म्हणता येणार नाही.

उचलीचा विषय राहिला. जूनमध्ये मुलांची शाळा, भाद्रपदात गौरी-गणपती, मग दिवाळी. या तीन वेळी सेवक आगाऊ रक्कम मागतो. तिला नाही म्हटले की तो सावकाराकडे किंवा मोबाइलवरील कर्जाकडे वळतो, आणि हप्त्याच्या चिंतेने त्रस्त हात पुड्या बांधू लागतात. एका महिन्याच्या वेतनाइतकी बिनव्याजी उचल, दहा समान हप्त्यांत परतफेड, वहीत दोघांच्या सह्या, एवढी व्यवस्था असली की मागणाऱ्याला संकोच राहत नाही आणि देणाऱ्याला संशय. वासंतिक वमनाच्या दिवसांत रजा मिळणार नाही, हे माघातच सांगावे आणि त्याच्या बदली वैशाखात गावी जाण्यास आठ दिवस भरपगारी द्यावेत. सेवकाच्या घरच्यांना विनामूल्य औषधे देण्याची चांगली प्रथा पुण्यातील बहुतेक वैद्यांनी पाळली आहे. ती मात्र वेतनातून वजा करण्याची किंवा वेतनवाढीच्या वेळी आठवण करून देण्याची बाब नव्हे.